तुमचा आवाज बंद आहे

स्विंडनच्या वाचनालयात, दुसऱ्या मजल्यावर,
बुधवारी अकरा ते बारा
मी म्हाताऱ्यांना ऑनलाइन मीटिंगचे शब्द शिकवते.
पगार नाही. चहा मिळतो, बिस्किटं आपापली.

वहीत आधी मराठीत लिहून घेते सगळं,
त्याशिवाय माझ्याच डोक्यात शिरत नाही.
होस्ट : यजमान.
आमची आत्या नवऱ्याला यजमान म्हणायची
आणि घरातली सगळी बटणं तिच्या हातात.
वेटिंग रूम : ओसरी. बसा, आतून बोलावणं येईल.
म्यूट : मुका.
इथे पेन थांबलं. मुका म्हणजे दुसरंही काही.
एकटीच हसले, आणि वर्गात कुणाला सांगताही येईना.

मिसेस कॅम्पबेल विचारतात,
ब्रेकआउट रूम म्हणजे तुरुंग फोडून पळायचं का?
नाही हो. लग्नघरात कशा चौघी जणी
आतल्या खोलीत सरकतात, तसं.
खरं काय ते तिथेच बोललं जातं.

नॉर्मन पास्क मात्र लिहून घेत नाहीत.
चाळीस वर्षं रेल्वेच्या सिग्नल केबिनीत गेली,
शब्द ऐकतात आणि आपल्या खणात टाकतात.
लॅग म्हणजे बोललेलं उशिरा पोचणं, मी सांगते.
'हं. धुकं.'
ॲडमिट?
'लाइन क्लिअर.'
आणि चेहरा न दिसता नुसता आवाज?
यावर बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, 'सिरिल.'

सिरिल पुढच्या केबिनीतला. सहा मैलांवर.
अकरा वर्षं दोघांनी रात्रपाळी केली
एकाच तारेच्या दोन टोकांना.
घंटेचा एक ठोका : लक्ष आहे ना?
दोन : गाडी तुझ्याकडे निघाली.
दोन, थांबून एक : पोचली, लाइन मोकळी.
फोन होता, पण दोघेही मुखदुर्बळ.
ठोक्यावरून कळायचं, आज याला सर्दी आहे,
आज बायकोशी वाजलंय.
तोंड कधी पाहिलं नाही.

आता तो एक्सेटरच्या वृद्धाश्रमात. तिथल्या मुलीने लिंक धाडलेली.
मी पास्कांना माझी खुर्ची दिली.
चौकोन उजळला. आधी कपाळ, मग छत,
मग पंखा, पुन्हा कपाळ.
मग कुणीतरी कॅमेरा नीट धरला
आणि एक्क्याण्णव वर्षांचं तोंड हललं.
कोपऱ्यात माइकवर लाल रेघ.

वाक्य माझ्या जिभेवर आलंच होतं,
दिवसातून वीसदा म्हणते ते :
तुमचा आवाज बंद आहे.
पण पास्कांनी हात वर केला,
पिवळा, पडद्यावरचा नव्हे. खरा, डाग पडलेला.
थांब.

पडद्यावर सिरिलचं बोट टेबलाला टेकलं. एकदा.
आवाज नाही. नुसतं बोट.
पास्कांनी वाचनालयाच्या टेबलावर
नखाने एक ठोका दिला.

मग जे सुरू झालं ते माझ्या वहीत नव्हतं.
मिसेस कॅम्पबेलांचं बिस्किट चहात विरघळून गेलं.
मालगाडी गेली असावी, टपाल गेलं असावं,
एकदा दोघेही खदखदून हसले,
कोणती गाडी चुकली होती देव जाणे.
पहाटेच्या दुधाच्या गाडीपर्यंत आले असतील,
सिरिलने दोनदा बोट आपटलं
आणि पडदा काळा.
फुकटातली चाळीस मिनिटं संपली होती.

मी पुन्हा लिंक शोधू लागले, माफी मागू लागले.
लीव्हचं बटण शिकवायचं राहिलं होतं,
त्यासमोर वहीत लिहून ठेवलेलं : 'येतो'.
जातो असं आम्ही म्हणत नाही, हेही सांगायचं होतं.

पास्क काळ्या काचेकडे पाहत होते.
टेबलावर दोन ठोके दिले, थांबले, एक दिला.
'पोचली,' म्हणाले,
आणि खुर्चीखाली टोपी शोधू लागले.