मिठाचं पाणी

सहना हडिमनी येते दर शनिवारी,
उद्यमबागेच्या पलीकडल्या कॉलेजातनं.
पिशवीत एक पट्टी, तिला आठ बटणं,
बाटलीत मिठाचं पाणी.
कपाळ भिजवते. कानामागंही.
"अक्का, अलुगाडब्याडरी," म्हणते. हलू नका.
मी हसतो.
मानेखाली चार वर्षं झाली,
हलतंय काय?

फोन विचारतो, भाषा निवडा.
मराठी म्हटलो.
"सुलोचनाला फोन लाव की गा."
माफ करा, समजलं नाही.
परत म्हटलो, पुण्याच्या बाईसारखं तोंड आवळून.
"मी आलो" म्हटलं तर पडद्यावर उमटतं, मी आले.
आमच्या वडगावात बायका आलोच म्हणतात, बाबा,
जन्मल्यापासनं.
सहनानं कन्नड लावून बघितलं.
त्यालाही माझं कन्नड
शनिवार खुटातलं वाटलं, भाजी घेताना बोलायचं.

मग ती म्हणाली, आवाज राहू दे.
उजवा हात मिटतोय असं मनात आणा.
कसा आणू?
नुसता हात मी कधी मिटलोच नव्हतो.
खरं तुटलेला धागा दिसला,
आपोआप, तिसऱ्या खिडकीजवळच्या मागावरचा.
दोन टोकं चिमटीत,
थोडी थुंकी,
अंगठ्यानं वळवून गाठ,
ओढ.

पडद्यावरचा ठिपका सरकला.

सहना खुर्चीतनं उठली.
"काय केलात?"
सांधलो, म्हटलो.

तेवढ्यात नणंदेचा फोन, खानापुराहून.
रोज अकराला, रोज तेच,
नवस बोललीस काय, त्या नंदगडच्या वैद्याचं तेल आणलंत काय.
चार वर्षं कुणीतरी कानाला लावतंय
आणि मी ऐकतोय.
हिरवा गोल. लाल गोल.
धागा घेतलो. गाठ मारलो.
कापलो.

घर गप्प झालं एक क्षण.
मग मला एवढं हसू आलं
की पट्टी घसरली नाकावर.

दहापैकी सात बरोबर, सहना वहीत लिहिते, छान आहे म्हणते.
आमच्यात तीन गाठी चुकल्या
तर सगळी साडी सेकंडात जायची,
मालक मजुरी कापायचा.

साडेबाराला ती पट्टी घेऊन जाते, तिची बस असते.
मिठाचं पाणी सुकतं.
उजव्या भुवईवर खाज सुटते.
मनात गाठ मारून बघतो. एक. अजून एक.
बाहेर गल्लीत माग चाललेत खटाखट.

"भरमू, ये की रे इकडं."

येतो, हात चड्डीला पुसत.
"थोडं वर," म्हणतो मी.
"अजून. तिथं नव्हे.
हां."