पेव, नग एक हजार

हरिपुरात खाली उतरायच्या आधी
कंदील सोडतात दोरीनं.
विझला तर थांबायचं.
आमचा जळत राहिला.
मग सन्मती मगदूमचे ड्रम उतरवले सुटे करून,
पोत्यात बांधून, हळद उतरवावी तसे,
आणि त्यामागून तो स्वतः, शिव्या देत.

वर गवतात मी, माझा बेस,
आणि उसनी आणलेली वायरची भेंडोळी.
इलियास सतारमेकरच्या गिटारीचे पडदे
त्याच्या अब्बांनी मिरजेत घासून दिलेले,
एवढं कर्कश कशाला रे, असं विचारत,
पण सूर नेमका लागेपर्यंत घासत.
एस्तर लोंढे लहानपणापासून चर्चच्या कॉयरमध्ये
मागच्या रांगेत हळू गायलेली.
त्या दिवशी हळू गायली नाही.

स्टुडिओला पैसे नव्हते म्हणून पेवात गेले, असं सांगतात.
होते की.
कुपवाडात तीन दिवस भाड्यानं घेऊन वाजवलं,
काचेपलीकडं एसी.
तिथं सगळं स्वच्छ ऐकू येत होतं,
तेच चुकत होतं.
पेवात टोला मारला
तर माती तो लगेच परत देत नव्हती.
आधी चाखून बघायची.

नावही पेवच ठेवलं.
बघा आता, पेव फुटतंय का नाही,
म्हणाले सन्मतीचे मामा, अठरा हजार घातलेले.

फुटलं नाही.

मी तेव्हाही अडतीवर लिहायचो, आजही लिहितो,
म्हणून हिशेब माझ्याकडं.
कॅसेट एक हजार.
गणपती पेठेत पिवळं कव्हर बघून दुकानदारानं
खंडोबाच्या गाण्यांत लावल्या.
एकतीस गेल्या, एकोणतीस परत आल्या.
उरलेल्या दोघांचा मी अजून विचार करतो.
मामांच्या पोरीच्या लग्नात साठ, नारळाबरोबर.
पुण्याच्या वितरकानं पन्नास नेल्या
आणि फोन नंबर बदलला.
ओळखीत फुकट, छप्पन्न.
पेपरात चार ओळी आल्या, बाजारभावाच्या खाली:
प्रयत्न स्तुत्य, आवाज विहिरीतून आल्यासारखा.
राजापुरी हळद त्या दिवशी तेजीत होती.

मग तो पूर.
पेवांत पाणी शिरलं, आमचं खचलं.
जागा दाखवता येते अजून,
बाभळ आहे तिथं.
एस्तर नर्स होऊन मस्कतला गेली.
खोकी राहिली अडतीच्या माळ्यावर,
हळदीच्या धुळीनं आणखी पिवळी होत.

एक दिवस तासगावकडचा बागायतदार आला.
जुन्या कॅसेटी हायत म्हणं तुमच्याकडं?
भरल्यात, म्हटलं. कोऱ्या नाहीत.
चालत्यात की. पाखरांस्नी काय कळतंय.

दोन रुपये नग. आठशे बत्तीस नग. रोख.
आमची सगळ्यात मोठी ऑर्डर.
कीर्दीत काय लिहावं कळेना,
शेवटी लिहिलं, पाखरांसाठी.
मामांना पैसे नेऊन दिले, सोळाशे चौसष्ट.
त्यांनी वरचे चौसष्ट परत केले,
चहा घ्या रे, म्हणाले,
आणि दुसरीकडं बघितलं.

जानेवारीत आम्ही तिघं गेलो.
दोन एकर सोनाका,
वेलींच्या माथ्यावरून तपकिरी फिती ताणलेल्या,
उन्हात लखलखणाऱ्या.
वारा आला
आणि अख्खा अल्बम एकदम सुरू झाला,
दोन्ही बाजू, नऊच्या नऊ गाणी,
एका लांब घरघरीत.
सन्मती मांडीवर बोटांनी मात्रा मोजायला लागला.
इलियास म्हणाला, थोडं उतरलंय.
एस्तरचा भाग कुठला, ते कुणी विचारलं नाही.
एक साळुंकी आली, टेकली नाही, गेली.
मालक खूष.
आवाज बेस हाय तुमचा, म्हणाला.

माझाच आहे, म्हटलं.
त्याला कळलं नाही, तो हसला,
पिशवीभर द्राक्षं दिली, पैसे घेईना.
संध्याकाळी वारा पडला
तशी पाखरं आली.
आम्ही एसटी गाठली.