विनियोग प्रमाणपत्र

मंजूर रक्कम अठ्ठेचाळीस हजार, दोन हप्त्यांत.
दुसरा हप्ता पहिल्याचा हिशेब पोचल्यावर.
म्हणून तेवीस मार्चला, सावद्यात,
कॉलेज सुटून दोन तास झाले तरी
मी तडवी सरांची पिशवी टेबलावर उपडी करून बसलोय.

हिरवा लेझर, एक.
दाढीच्या ब्लेडचं पाकीट (याला प्राचार्यांची वेगळी सही लागली).
काळा जाड कागद, जळगावहून, सहा ताव.
आणि प्रकाशाचा एकेक कण मोजणारी नळी,
कुठल्याशा प्रयोगशाळेनं भंगारात काढलेली,
तिच्या बिलावर केळीच्या चिकाचा डाग,
आकडा पाचाचा की सहाचा, वाचता येत नाही.

एकोणीस वर्षं शिकवतात सर.
एवढ्यात मिळालेलं हे पहिलं अनुदान.
स्टाफरूममध्ये कोणी विचारलं,
यानं केळीला भाव चढणार का?
सर म्हणाले, नाही.
आणि चहा संपवला.

पुरता अंधार कॉलेजात कुठेच नव्हता.
होता तो फेगडे अण्णांच्या रायपनिंग चेंबरात.
"माल नाही चार दिवस, घ्या भो,
पन कॉम्प्रेसर बंद ठेवा म्हंता, तं मंग मांगून वास येईन."
भाडं घेतलं नाही त्यांनी.
भाडं नाही म्हणजे पावती नाही,
पावती नाही म्हणजे माझ्या लेखी
ते चार दिवस झालेच नाहीत.

मीही गेलो होतो, तिसऱ्या रात्री,
खरं तर किल्ली परत आणायला.
आत पिकल्या सालीचा वास, थंड भिंती,
आणि सर कुजबुजत होते, मशिदीत बोलावं तसं.
लेझर इतका मंद केलेला
की एका वेळी एकच कण निघावा.
टक्.
बराच वेळ काही नाही.
टक्, टक्.
कागदावर ठिपके पडत गेले, वाटेल तिथे,
आणि दोन तासांनी बघतो तर पट्टे.
उजेड, काळोख, उजेड, काळोख,
आमच्याकडच्या लुगड्याच्या काठासारखे.

मी विचारलं, कण गेला कोणत्या फटीतून?
ते टिपून ठेवता येतं की.
सर म्हणाले, येतं.
पण टिपलं की पट्टे जातात.
वाटेची पावती मागितलीत, भाऊसाहेब,
की नक्षी मिळत नाही.

बावीस वर्षं मी पावत्या मागतोय.
त्या रात्री घरी येऊन जेवलो नाही नीट.

मग पाल. सातपुड्यात, आश्रमशाळा,
टेम्पोभाडं नऊशे, जाऊन-येऊन,
एकशे चाळीस मुलं, चादरी लावून केलेला अंधार.
ठिपके पडताना कोणी खोकललंसुद्धा नाही.
शेवटी सुमली बारेला, सहावीतली, उभी राहिली:
तो एकटाच जातो ना सर,
मग त्याच्या आडवं कोण येतं?

सर गप्प.
मला वाटलं, झालं, आता काहीतरी दडपून सांगतील.
त्यांनी खिशातून पेन काढला,
टेम्पोच्या पावतीच्या पाठीवर तिचं वाक्य लिहिलं
आणि म्हणाले, मला माहीत नाही.
मोठ्यामोठ्यांचं भांडण आहे त्यावर, बाई,
शंभर वर्षं होत आली.
परत येताना घाटात एकदम हसले.
कशाला, ते सांगितलं नाही.

तर रकाना सात: साध्य.
छापील फॉर्म, दोन ओळींची जागा.
मी ती पावती उलटी करून
सुमलीचं वाक्य उतरवून काढलंय, प्रश्नचिन्हासकट.
लेखापरीक्षक लाल शाईनं गोल करतील, करोत.

शिल्लक सतरा रुपये, परत पाठवायचे.
ड्राफ्टचं कमिशन एकोणसाठ.

आता सह्या बाकी.
सरांनी मागे एक दाखवलं होतं, आज आठवलं:
दोन बोटं जवळ आणायची, चिकटू द्यायची नाहीत,
डोळ्याशी धरून दिव्याकडे बघायचं.
ट्यूबलाइटकडे बघतोय.
फटीत काळ्या रेघा आहेत,
केसाएवढ्या, उभ्या, तीन तरी.
इतकी वर्षं इथेच होत्या, याच टेबलावर.

खर्च शून्य.
शीर्ष कोणतं लावू?