हीच काडी कामून

अंबडच्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला दहा लेकरं,
मॉडेलचा डबा कुणी नेला तो परत आलाच नाही.
म्हणून पिशवीतून मोसंबी नेली
आणि तिच्यात खराट्याच्या सहा काड्या खोचल्या:
एक वर, एक खाली, चार चहूकडं.
हा तांब्याचा आयन, म्हटलं,
काडीच्या टोकाला एकेक पाणी.
पालथा घाला, फिरवा, तसाच दिसतो.

मोरचूद त्यांना नवा नाही.
पावसाळ्याआधी चुन्यात कालवून
बुंध्यांना फासतात यांच्याच घरची माणसं,
नखं आठ-आठ दिवस निळी.
त्या निळ्याच्या पोटात काय चाललंय
एवढंच सांगायचं होतं.

वरच्या पातळीवर दोन खोल्या, एकाच उंचीच्या.
इलेक्ट्रॉन तीन.
इकडं दोघं, तिकडं एकटा,
का उलट? भाडं दोन्हीकडं तेच.
कोशात याला शब्द सापडला: अपभ्रष्ट.
मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं.
भ्रष्ट काही नाही रे यात,
निवडायला कारण नाही, इतकंच.

आणि कारण नसणं
रेणूला फार वेळ सोसत नाही.
वरची-खालची काडी बोटभर बाहेर ओढली.
रस मनगटापर्यंत आला.
बघा, एक खोली उतरली, एक चढली,
दोघं खाली आले, एक वर राहिला,
हिशेबात थोडी ऊर्जा वाचली.
सारखेपणा मोडून मिळाली ती स्वस्थता.

संघमित्रा जोंधळेनं पेन खाली ठेवलं.
"सर, हीच काडी कामून?"

कुठलीही चालली असती. तिन्ही जोड्यांचा हक्क सारखा.
"मग ठरवलं कुणी?"
पाण्यात कुणीच नाही, तिथं पाळी बदलत राहते.
स्फटिकात शेजारी जरा रेटतात.
"आणि इथं तुम्ही ओढली म्हणून."

फळ्यावर लांब अक्ष झेड होता.
पुस्तकात झेडच असतो.
एकोणीस वर्षं मी तोच लांब काढतोय,
खडू आपोआप उभाच जातो.

बेल झाली. तिनं काड्या उपसल्या,
मोसंबी सोलली टेबलावरच.
फोडी दहा, माणसं अकरा.
हातोहात नऊ गेल्या.
उरलेली तिची होती, ती तिनं माझ्यापुढं धरली.

मला नको, म्हटलं.

"कामून?"