अनोळखी उपकरण

टेलिफोन खात्यात मी लाइनमन होतो, एकतीस वर्षं.
घाटकोपर ते भांडुप, फुटपाथवरच्या प्रत्येक पेटीत
माझा हात गेलेला आहे.
झाकण उघडायचं, जोडी शोधायची, चिमटा लावायचा
की कानाशी यायचं कुणाचं तरी घर:
गॅसचा नंबर लागला का, मुलाकडचे काय म्हणाले,
एक बाई नुसती रडायची
आणि पलीकडचा माणूस नुसता हं हं करायचा.
ऐकून सोडून द्यायचं. पगार त्याचाही होता.

म्हणून मला ठाऊक आहे,
भिंतीला कान असतात ही म्हण नाही, वायरिंग आहे.

आता वायरच नाही.
विक्रोळीत, कन्नमवार नगरच्या आमच्या दीड खोलीत
मुलाने दोन शिंगांचा डबा बसवून दिलाय,
आणि घर जिन्यावरून, न्हाणीच्या जाळीतून
बिनबोभाट सांडतंय.

मोबाइल उघडला तर सगळे शेजारी हवेत टांगलेले:
खवळे फॅमिली. पिंट्या फाइव्ह जी.
पैसे भरा मग वापरा.
आणि आमचा, कंपनीने दिलेल्या नावाचा,
पासवर्ड डब्याच्याच बुडाला चिकटवलेला.
कुलूप लावून किल्ली कडीला अडकवावी, तसा.

मुलगा पुण्याहून म्हणाला, बाबा, यादी बघा, कोण कोण जोडलंय.
माझा. हिचा. टीव्ही. सुनेचा जुना टॅब.
आणि पाचवं, अनोळखी उपकरण.
रात्री साडेअकराला येतं, दीडला जातं.

आठ दिवस पाळत ठेवली.
चौथ्या मजल्यावरच्या पोरांना येता-जाता खोकून दाखवलं.
खवळ्यांशी बोलणं तोडलं.
एका रात्री टेस्टर घेऊन जिन्यात उभा राहिलो.
हवेत काय टेस्ट करणार होतो, देव जाणे.

शेवटी कंपनीचा इर्शाद आला.
त्याने डब्याचं नाव बदललं, आतलं ॲडमिन-ॲडमिन काढलं, म्हणाला,
काका, आता नवा पासवर्ड सांगा.
घरच्यांची नावं नकोत, जन्मतारीख नको, देव नको.
कुणालाच सुचणार नाही असं काहीतरी.

मी बसलो आठवत.
मुलाचं नाव. हिचं नाव. स्कूटरचा नंबर.
खात्यातला माझा स्टाफ नंबर.
संपलं.

ही कणकेचे हात पुसत आली. आणा इकडे.
आमच्याकडे पाठ करून बसली,
अंगठ्याने, न थांबता, न खोडता.
मागून मी ठिपके मोजले: अकरा.
काय ठेवलंस गं?
लागेल तेव्हा सांगा, घालून देईन.

त्या रात्री साडेअकराला यादीत पुन्हा पाच.
उठवलंच तिला. अगं, परत आलंय!
येणारच, ती कूस बदलत म्हणाली.
समोरच्या रीडेव्हलपमेंटवरचा वॉचमन, टोप्पो.
पत्र्याला टेकून बसतो. मुलगी सिमडेग्याला नर्सिंग शिकते,
तिची ड्यूटी तेव्हाच सुटते.
आधीपासून त्याला मीच घालून दिलाय. आजही.
मला सांगायचं नाही?
विचारलं असतंत तर सांगितलं असतं.
तुम्ही टेस्टर घेऊन गेलात.

यादीत नाव बदलता येतं.
अनोळखी खोडून मी टोप्पो लिहिलं.
झोप काही आली नाही.

म्हणजे त्याला पासवर्ड माहीत नाही, मलाही नाही.
आम्ही दोघं सारखेच, पत्र्याला टेकलेले.

काल ही बाजारात गेल्यावर
मी माझ्या फोनवर मुद्दाम 'नेटवर्क विसरा' दाबलं
आणि अंदाज घालत बसलो.
तिच्या माहेरचं गाव. चुकीचं.
माहेरचं आडनाव. चुकीचं.
तिच्याकडे लहानपणी एक शेळी होती,
तिचं नाव कधीतरी सांगितलं होतं तिने,
मी तेव्हा बातम्या ऐकत होतो.
शाळेतल्या एखाद्या मुलाचंही घातलं असतं,
पण तेही ठाऊक हवं ना.

चौतीस वर्षांचा संसार, अकरा अक्षरं.
मुंबईभर लोकांच्या घरांना चिमटा लावत हिंडलो,
ही एक जोडी हाताला लागत नाही.

ती आली. पिशवी ओट्यावर ठेवली.
मी काही न बोलता फोन पुढे केला.
तिने माझ्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ,
आणि वळून,
पदराआड फोन धरून,
घालून दिला.