नववी खुंटी

माझा बाप, नीनियन ड्रायबर्ग, चेंडू शिवायचा.
टोपीभर बदकाची पिसं उकडून
कातड्याच्या इवल्या पिशवीत ठासायचा,
छातीला टेकवलेल्या लोखंडी टोच्यानं.
दिवसाला तीन. फार तर चार.
पिसं चेंडूत जायची, धूळ त्याच्या छातीत.

मग पूर्वेकडच्या कुठल्याशा झाडाचा चीक आला.
गरम पाण्यात मऊ करा, साच्यात दाबा,
झाला चेंडू, शेंबड्या पोरानंही करावा.
त्या हिवाळ्यात चुलीत
टोच्याची लाकडी मूठसुद्धा जळाली.

तेव्हापासून बाप जमिनी वाचायला लागला.
तिसऱ्या वर्गाचा डबा, ओटची भाकरी,
दिवसाचा एक पौंड,
आणि माझ्या ओच्यात अठरा खुंट्या.
जमीनदार विचारी, "खड्डे कुठं खणायचे?"
"मेंढ्यांनी खणलेत की.
वाऱ्याकडे पाठ करून त्या निजतात,
तिथं वाळू उघडी पडते.
तुमचा चेंडूही तिथंच निजायला जाईल."
लाल कोटवाले हसत आत जेवायला जात.
आम्हाला सूप मागच्या दारी.

पुढं त्याच्या डोळ्यांवर साय धरली.
क्रेगनाराच्या किनाऱ्यावर मीच त्याचे डोळे.
"काय दिसतंय?"
"गवत."
"गवत आंधळ्यालाही कळतं, पोरी. उतार सांग."
मी सांगत गेले.
आठ खुंट्या त्याच्या शब्दानं रोवल्या.
नववी त्यानं टेकाडाच्या माथ्यावर सांगितली.
मी रोवली खाली, ओहोळाच्या वळणाला,
जिथून समुद्र दिसत नाही, नुसता ऐकू येतो.

का? ते मलाही नीट माहीत नाही.
तिथून एक टिटवी ओरडत उठली होती, एवढंच.

बाप पावलं मोजत आला.
सव्वीस जास्त भरली.
थांबला. बुटाच्या टोकानं माती चाचपली,
नाक वर करून वारा हुंगला.
पाईप काढला, पेटवला नाही.
ओहोळ वाहत होता, ते त्यालाही ऐकू येत असणारच.
"दहावी काढ," म्हणाला.

नकाशाखाली त्याचंच नाव आहे. असू दे.
बायकांना तिथं खेळायची मुभा नाही;
शनिवारी नवव्यापाशी मी आल्याचं सरबत विकते.
ओहोळात चेंडू बुडाला की
एखादा लाल कोट घाम पुसत म्हणतो,
"म्हातारा ड्रायबर्ग! सैतान होता सैतान!"
मी मान हलवते,
आणि त्याचे सुटे पैसे
दोनदा मोजून परत देते.