मधले पैसे

आफ्लाओच्या फाटकापाशी देश संपतो
तो एका गटारावर.
अलीकडे सेडी, पलीकडे फ्रँक.
शिवी मात्र दोन्हीकडे एवे भाषेतलीच,
आणि मयत झालं की
अर्धे रडणारे इकडून निघतात, अर्धे तिकडून.

झिग्बोदीनं धंदा मांडला तो इथे.
तिच्या नावाचा अर्थ धीर.
परवान्याचा अर्ज केल्यापासून
तिला ते नाव टोचायचं.
आक्रात म्हणाले, आधी पलीकडचा कागद आणा.
लोमेत म्हणाले, फ्रेंचमध्ये, आधी अलीकडचा.
तीन वर्षं गेली अशी.
पावत्यांची पिशवी फाटली, दुसरी घेतली.

मग टायरच्या दुकानावर एक खोली,
दोन लॅपटॉप, एक जनरेटर, आणि मी.
खाली छत्रीत तिची मावशी, आफिवा,
लाकडी पेटी मांडीवर घेऊन
तीस वर्षं नोटा बदलत बसलेली.
ती एकदाच वर आली, पडद्याकडे बघून म्हणाली,
याला माणूस मोजता येतो का?
मी नोटा नंतर मोजते.

गुरुवारी संध्याकाळी
धुरवलेली मासळी विकणाऱ्या आब्लानं
लोमेहून चाळीस हजार फ्रँक पाठवले,
केटाच्या नाववाल्याला.
तिच्या फोननं सांगितलं, गेले.
केटाचा फोन गप्प.

चूक माझी होती.
पलीकडे दशांशाला स्वल्पविराम देतात, अलीकडे टिंब.
निघून गेलेल्या दोन साहेबांचं भांडण
माझ्या एका ओळीत
घशात काटा अडकावा तसं अडकलं होतं.
हे मला पहाटे तीनला कळलं.
संध्याकाळी फक्त एवढंच माहीत होतं
की पैसे तिथून निघालेत
आणि इथे पोचलेले नाहीत.

आब्ला आली. घमेलं पालथं घातलं, त्यावर बसली.
कनवटीची गाठ सोडून दाखवली, रिकामी.
ओरडली असती तर बरं झालं असतं.

झिग्बोदी खिडकीशी उभी होती.
दोन फाटकांच्या मध्ये दहा-बारा पावलांची जमीन आहे,
कुणाचीच नाही.
तिथे एक शेळी चरते,
तिला कुणी शिक्का मारत नाही.
तिथेच असतील, ती म्हणाली,
आणि हसली, आणि मग तिला हसू आवरेना,
आणि मी जनरेटर बघायच्या निमित्तानं बाहेर गेलो.

जिन्यात मावशी भेटली. पेटी डोक्यावर.
वर गेली. भाव विचारला नाही.
आधी आब्लाकडे नीट पाहिलं, मग नोटा मोजल्या.
लिहून ठेव, भाचीला म्हणाली,
तुझ्या त्या बिनपानांच्या वहीत.

शुक्रवारी अकराच्या सुमारास
ते चाळीस हजार केटाला उतरले,
रात्र कुठे काढली ते न सांगता.
दुपारी आब्ला मावशीचे पैसे घेऊन आली,
वर कागदात बांधलेली दोन मासळ्या.
मावशीनं मासळी ठेवली,
आणि दीड टक्का कापून घेतला.
धंदा तो धंदा.

आता आमच्याकडे एकोणीस दुकानं, दोन्ही बाजूंना.
हिशेबतपासनीस येतात,
राखीव निधीच्या रकान्यावर बोट ठेवतात:
हे 'मावशी' काय आहे?
झिग्बोदी म्हणते, जोखीम व्यवस्थापन.
ते लिहून घेतात.

छत्रीखाली रांग आता आखूड असते.
कधी कधी नसतेच.
ती कुणी आखूड केली ते आम्ही दोघं बोलत नाही.
रोज सकाळी झिग्बोदी तिथे थांबते,
पन्नास सेडींचे फ्रँक करून घेते,
ज्यांचं तिला काही काम नसतं.
मावशीला ते ठाऊक आहे.
ती थुंकी लावून सावकाश नोटा मोजते
आणि भाव
जरा चढाच लावते.